मागच्या डोळ्याची देखभाल

मोटार पुढे नेताना चालकाला रस्ता दिसतो. मागे घेताना तो बहुतांशी अंदाजाने चालतो. ही अडचण मोटारीइतकीच जुनी आहे. आरशांनी ती काही अंशी कमी केली, तरी गाडीच्या पाठीला लागून असलेला जमिनीचा पट्टा चालकाच्या दृष्टीआडच राहिला. दोन वर्षांच्या मुलाची उंची मीटरभरही नसते आणि आजच्या उंच बांध्याच्या गाड्यांत मागील काचेची खालची कड मुलाच्या डोक्याच्याही वर असते. अशा वेळी चालकाने कितीही मान वळवून पाहिले, तरी ते मूल त्याला दिसणे शक्य नसते. या उणिवेवर कॅमेरा हा उपाय निघाला. ‘ब्यूक सेंच्युरियन’ या १९५६ सालच्या प्रदर्शनी मोटारीत आरशाऐवजी मागे दूरचित्रवाणीचा कॅमेरा बसविलेला होता. तेव्हाची ती नवलाई आज मध्यम किमतीच्या मोटारींतूनही दिसते, आणि जुन्या गाडीवर कॅमेरा बसवून देणारा कारागीर तालुक्याच्या गावीही भेटतो. प्रश्न आता कॅमेरा बसविण्याचा तितकासा उरलेला नाही. बसविलेला कॅमेरा दिसता ठेवण्याचा आहे, आणि त्याकडे मात्र कायद्याचे, विक्रेत्याचे व मालकाचे सारखेच दुर्लक्ष आहे.

कोणत्याही वाहनतळावर उभ्या असलेल्या गाड्यांच्या मागील बाजू पाहिल्या, तर या दुर्लक्षाची खूण पटते. कोठे भिंगावर चिखलाचा थर वाळलेला असतो, कोठे भिंगाच्या आत दमट वाफ साचून चित्र धूसर झालेले असते. कोठे नंबरप्लेटचा स्क्रू सैल होऊन कॅमेरा आकाशाकडे पाहत असतो, तर कोठे बंपर बदलल्यानंतर तो एका अंगाला कललेला असतो. पडद्यावर काही तरी उमटते, रंगीत रेषाही दिसतात, आणि चालक त्यांच्यावर विसंबतो. कॅमेरा मुळीच नसलेला चालक निदान खाली उतरून पाहण्याची शक्यता असते. बिघडलेल्या कॅमेऱ्याचा चालक पाहिल्याच्या समाधानात गाडी मागे घेतो. या दृष्टीने, चुकीचे दाखविणारा कॅमेरा हा कॅमेरा नसण्यापेक्षा अधिक धोक्याचा म्हणावा लागेल.

या विषयातील कायद्याचा इतिहास बोलका आहे. अमेरिकेत २००२ साली घराच्या दाराशी वडिलांचीच मोटार मागे येऊन दोन वर्षांचा एक मुलगा मृत्यू पावला. त्या बालकाच्या नावाने ओळखला जाणारा ‘कॅमेरून गुलब्रान्सन बालक परिवहन सुरक्षा कायदा’ तेथील काँग्रेसने संमत केला आणि फेब्रुवारी २००८ मध्ये त्यावर अध्यक्षांची स्वाक्षरी झाली. तीन वर्षांत नियम करावेत, अशी त्यात तरतूद होती. प्रत्यक्षात मुदती पुढे ढकलल्या गेल्या, पालक व ग्राहक संघटनांना न्यायालयात जावे लागले, आणि अंतिम नियम मार्च २०१४ मध्ये निघाला. त्याची पूर्ण अंमलबजावणी मे २०१८ पासून झाली. गाडीच्या मागे १० फूट रुंद व २० फूट लांब पट्टा चालकाला दिसला पाहिजे आणि रिव्हर्स गिअर टाकल्यापासून २ सेकंदांच्या आत चित्र उमटले पाहिजे, असे हा नियम सांगतो. जपानने २०२२ पासून नव्या नमुन्यांच्या मोटारींना अशीच अट घातली. युरोपीय संघाने जुलै २०२४ पासून सर्व नव्या मोटारींना मागचा अडथळा ओळखणारी व्यवस्था आवश्यक केली.

अमेरिकेतील नियमामागचा हिशेब अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने मुद्दाम पाहावा असा आहे. वाहने मागे घेताना होणाऱ्या अपघातांत तेथे वर्षाला सरासरी २१० माणसे दगावतात व सुमारे १५,००० जखमी होतात, असा तेथील महामार्ग सुरक्षा प्रशासनाचा अंदाज होता. मृतांपैकी ३१ टक्के पाच वर्षांखालील मुले आणि २६ टक्के सत्तरी ओलांडलेले वृद्ध होते. संपूर्ण व्यवस्थेचा खर्च प्रत्येक मोटारीमागे १३२ ते १४२ डॉलर धरला होता. देशातील सर्व मोटारींना कॅमेरे लागल्यावर वर्षाकाठी ५८ ते ६९ जीव वाचतील, असा अदमास होता. पैशांत मोजता येणारा लाभ खर्चापेक्षा कमी भरतो, हे प्रशासनाने लपविले नाही. तथापि, या अपघातांत गाडी चालविणारा पुष्कळदा त्या मुलाचा बाप, आई किंवा आजोबाच असतो, आणि त्या दुःखाची किंमत कोणत्याही तक्त्यात बसत नाही, हा विचार अखेर वरचढ ठरला. हिशेबाच्या मर्यादा ओळखून हिशेब करावा, याचे हे चांगले उदाहरण होय.

परंतु या कायद्याचाही हात कारखान्याच्या फाटकापाशी थांबतो. मोटार विकली जाताना कॅमेरा चालू असला की कायद्याचे समाधान होते; पुढील दहा-पंधरा वर्षे तो चालू राहील याची हमी कोण देणार? फोर्ड कंपनीने २०२० साली सदोष कॅमेऱ्यांसाठी अमेरिकेत ६ लाखांहून अधिक वाहने परत बोलावली. ही कारवाई वेळेवर झाली नाही व माहिती पुरेशी दिली गेली नाही, या कारणांवरून नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या कंपनीशी १६ कोटी ५० लाख डॉलरपर्यंतच्या दंडाची तडजोड झाली. इतकी जागरूक यंत्रणा असलेल्या देशातही पडदा ऐन वेळी कोरा राहतो, हे यावरून दिसते. तेथील विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेला कॅमेऱ्यामुळे पोलिसांत नोंदलेले मागे घेतानाचे अपघात सुमारे १७ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. ही घट उपेक्षणीय नाही. पण उरलेले ८३ टक्के अपघात कॅमेरा असूनही होतात, हेही त्याच आकड्यातून निघते.

देखभालीची ही आबाळ निव्वळ आळसातून होत नाही. तिच्या मुळाशी लाभ आणि खर्च यांची फारकत आहे. एकाच्या कृतीचा परिणाम व्यवहाराबाहेरील दुसऱ्याला भोगावा लागतो, याकडे पिगू यांनी १९२० साली कल्याणाच्या अर्थशास्त्रावरील आपल्या ग्रंथात लक्ष वेधले होते. मागचा कॅमेरा हे त्याचे घरगुती उदाहरण आहे. कॅमेरा पुसण्याचा, जुळविण्याचा, बदलण्याचा खर्च मालक करतो. त्यातून मालकाला मिळणारा फायदा म्हणजे बंपरवरचा ओरखडा टळतो. खरा फायदा होतो तो गाडीमागे खेळणाऱ्या मुलाला, भाजीची पिशवी घेऊन जाणाऱ्या आजीला, पदपथावर पथारी टाकून बसलेल्या विक्रेत्याला. यांपैकी कोणीही त्या मालकाकडे जाऊन ‘काच पुसा’ असे म्हणू शकत नाही. साहजिकच मालक आपल्या बंपरच्या किमतीपुरतीच काळजी घेतो. बंपर आधीच चेपलेला असेल, तर तेवढीही घेत नाही. जेथे बाजार पुरेशी काळजी उत्पन्न करीत नाही, तेथे समाजाने नियमाने ती घडवून आणावी लागते.

वस्तुतः ही काळजी म्हणजे काही अवघड विद्या नव्हे. सपाट पाठीच्या गाड्यांमागे चालत्या वेळी हवेचा दाब कमी होऊन धूळ व चिखल पाठीकडे ओढला जातो. म्हणून पुढची काच स्वच्छ असली, तरी मागचे भिंग मळलेले असते. ते आधी पाण्याने धुवावे, म्हणजे रेतीचे कण निघून जातात, आणि मग मऊ ओल्या फडक्याने टिपावे. कोरड्या फडक्याने घासले तर तेच कण भिंगावर चरे पाडतात, आणि एकदा पडलेला चरा जात नाही. पेट्रोल किंवा थिनर लावू नये. प्लॅस्टिक पांढुरके होते. धुलाई केंद्रातील जोरदार फवारा अगदी जवळून मारला तर कॅमेऱ्याची रबरी सील सुटून पाणी आत शिरते. आत शिरलेले पाणी कोणत्याही फडक्याने निघत नाही. मग कॅमेरा बदलणे एवढाच मार्ग उरतो. डिकीच्या बिजागरीतून जाणारी वायर प्रत्येक उघडझापीबरोबर वाकते आणि कालांतराने आतून तुटते. चित्र मध्येच जाऊन येऊ लागले, की ती तपासून घ्यावी. कोकणच्या खाऱ्या हवेत जोडांना गंज लवकर चढतो, हेही तेथील मालकांनी लक्षात ठेवावे. पावसाळ्यात गाडी बाहेर काढताना रोज आणि एरवी आठवड्यातून एकदा भिंग पुसावे, एवढ्याने निम्मे काम होते.

दुसरे काम कॅमेरा जुळविण्याचे. गाडी सपाट जमिनीवर रिकामी उभी करावी. तिच्या दोन्ही बाजूंच्या रेषेत मागे खडूने दोन रेषा ओढाव्यात आणि बंपरपासून १, २ व ३ मीटरवर आडव्या खुणा कराव्यात. एकाने पडद्यासमोर बसावे, दुसऱ्याने कॅमेऱ्याचा कोन बदलावा. पडद्याच्या तळाशी बंपरची कड किंचित दिसली पाहिजे, क्षितिज आडवे असले पाहिजे, आणि पडद्यावरील रेषा खडूच्या रेषांशी जुळल्या पाहिजेत. मग एकाने गाडीच्या मागे डाव्या बाजूस उभे राहून हात हलवावा. तो पडद्यावरही डावीकडेच दिसला पाहिजे. कॅमेरा मागे तोंड करून असल्यामुळे त्याचे मूळ चित्र उजवे-डावे उलटे असते आणि ते आरशाप्रमाणे फिरवून दाखवावे लागते. बाहेरून बसविलेल्या स्वस्त कॅमेऱ्यांत ही जुळणी पुष्कळदा राहून जाते, आणि मग चालक मुलाला चुकविण्यासाठी त्याच्याच बाजूला चाक वळवितो. कारखान्यातून कॅमेरा बसवून आलेल्या गाडीचा बंपर किंवा डिकीचे दार बदलले असेल, तर ही जुळणी गॅरेजकडून करून घेतल्याखेरीज बिल चुकते करू नये.

इतके केल्यावरही यंत्राच्या मर्यादा उरतातच. रुंद कोनाच्या भिंगामुळे वस्तू आहे त्याहून दूर भासतात. पडद्यावरील रेषा सपाट जमीन गृहीत धरून आखलेल्या असतात. मागे चढ असला तर अडथळा प्रत्यक्षापेक्षा लांब दिसतो. घाटातल्या गावात किंवा तळघरातल्या वाहनतळाच्या उतारावर हा फरक महागात पडतो. डिकीत सामान भरून गाडीची पाठ खाली बसली, की रेषाही सरकतात. मालमोटारीचा बाहेर आलेला फाळका हवेत असतो, जमिनीवर नसतो; म्हणून तो रेषांच्या बाहेर दिसतो आणि तरी गाडी त्यावर आदळते. शिकागो विद्यापीठातील सॅम पेल्ट्झमन यांनी १९७५ साली असे प्रतिपादन केले होते, की सुरक्षेची साधने वाढली की चालकाची सावधगिरी घटते आणि लाभाचा काही भाग त्यातच विरतो; त्याचा भार पुष्कळदा पादचाऱ्यांवर पडतो. त्यांच्या आकडेमोडीवर वाद झाले. तरीही पडद्याकडे पाहत भरधाव मागे येणारी मोटार ज्याने पाहिली आहे, त्याला या विचारातील तथ्य नाकारता येणार नाही.

भारतात जुलै २०१९ पासून नव्या प्रवासी मोटारींना मागच्या अडथळ्याची सूचना देणारे सेन्सर सक्तीचे झाले. त्या नियमात कॅमेऱ्याची सक्ती नव्हती. तो ग्राहकाच्या पसंतीची वस्तू म्हणून आला. दुसऱ्याला धोका वा अडचण होणार नाही याची खात्री केल्याविना वाहन मागे नेऊ नये, असे बंधन १९८९च्या रस्ता नियमावलीत होते, आणि तिच्या जागी आलेल्या २०१७च्या विनियमांनीही चालकावरची ती जबाबदारी काढून घेतलेली नाही. कर्तव्य सांगितलेले आहे. कर्तव्याचे साधन शाबूत आहे की नाही, हे मात्र कोणी पाहत नाही. खासगी मोटार एकदा नोंदली की पंधरा वर्षे तिला परिवहन कार्यालयाच्या तपासणीला जावे लागत नाही.

हा आपल्याकडील जुनाच रोग आहे. नियोजनाच्या काळात नव्या प्रकल्पाचा पैसा योजनांतर्गत खर्चात मोडे आणि बांधून झालेल्या प्रकल्पाच्या देखभालीचा पैसा योजनाबाह्य खर्चात. पहिल्याला मान होता, उद्घाटन होते, कोनशिला होती. दुसऱ्याच्या नशिबी काटकसरीची कात्री होती. हा भेद २०१७-१८च्या अर्थसंकल्पापासून कागदावरून गेला. मनातून गेलेला नाही. धरण होते आणि चाऱ्या गाळाने भरतात, रुग्णालयात यंत्र येते आणि तंत्रज्ञाअभावी बंद पडते, सिग्नल उभा राहतो आणि महिनोन् महिने पिवळाच लुकलुकतो. मोटारीच्या मागचा बंद कॅमेरा हा त्याच वृत्तीचा लहानसा नमुना आहे. खरेदीचा आनंद असतो, देखभालीचा नसतो.

या प्रश्नाला रोजगाराचीही एक बाजू आहे. मालमोटारीवरचा क्लीनर गाडी मागे घेताना खाली उतरून पाठीशी उभा राही आणि ‘येऊ द्या, येऊ द्या’ असे ओरडत, गाडीवर थाप मारून इशारा देई. एस.टी.च्या स्थानकात फलाटाला तोंड करून लागलेली बस मागे काढताना वाहकाची शिट्टी ही जुनी शिस्त आहे. ही माणसे म्हणजे त्या वाहनाचा मागचा डोळाच होती. कॅमेरा आला, की क्लीनरची मजुरी वाचविण्याचा मोह मालकाला होणे स्वाभाविक आहे. श्रमाच्या जागी भांडवल येते, हे अर्थव्यवहारात नवे नाही. मात्र येथे हिशेब अर्धवट होतो. क्लीनर नुसता पाहत नसे; मागे आलेल्या मुलाला तो हाकलून देई, आणि गाडीची काच पुसणाराही तोच असे. त्याला कमी केले, की कॅमेरा राहतो आणि कॅमेरा पुसणारा हात जातो. वाचविलेल्या मजुरीतला काही भाग देखभालीकडे वळविला नाही, तर ती बचत दुसऱ्याच्या जिवावरची उधारी ठरते.

उपाय खर्चिक नाहीत. व्यापारी वाहनांना पहिली आठ वर्षे दोन वर्षांतून एकदा आणि पुढे दरवर्षी पासिंगसाठी जावेच लागते. ज्या वाहनावर कॅमेरा आहे, त्याच्या मागे तीन मीटरवर मुलाच्या उंचीचा एक शंकू ठेवावा. रिव्हर्स गिअर टाकल्यावर दोन सेकंदांत तो पडद्यावर, योग्य बाजूला, स्पष्ट दिसला तर वाहन उत्तीर्ण. न दिसल्यास दुरुस्तीसाठी परत. शाळेच्या बस, कचऱ्याच्या गाड्या, डंपर आणि काँक्रीटची वाहने यांपासून सुरुवात करावी. कारण ती रोज माणसांच्या गर्दीत मागे जातात. खासगी मोटारींसाठी नवी यंत्रणाही नको. भारत स्टेज ४ व त्यापुढील मोटारींना वर्षाला एकदा पीयूसी प्रमाणपत्र घ्यावे लागते. धूर तपासताना शंकूची ही एक मिनिटाची चाचणी करून निकाल त्याच कागदावर छापता येईल. पहिली काही वर्षे दंड नको, फक्त नोंद असावी. आपला कॅमेरा काहीच दाखवीत नाही हे लेखी कळल्यावर बरेच मालक स्वतःहून तो दुरुस्त करतील.

आणखी एका तपासणीने चिरीमिरीचे आणखी एक दार उघडेल, असा आक्षेप येईल. तो खोटा नाही. परंतु ज्या तपासणीचा निकाल मालकाला स्वतःच्या डोळ्यांनी पडद्यावर दिसतो, तिच्यात लबाडीला वाव कमी असतो. शंकू दिसला किंवा दिसला नाही, यात अधिकाऱ्याच्या मर्जीचा प्रश्न येत नाही. अधिक वजनदार आक्षेप असा, की सर्वांत मोठा धोका कॅमेरा नसलेल्या वाहनांपासून आहे. उसाच्या फडाजवळ ट्रॅक्टर-ट्रॉली मागे येते तेव्हा आसपास तोडणी कामगारांची मुले असतात. बांधकामावर डंपर मागे येतो तेव्हा तेथेच मजुरांची पाले असतात. ट्रॉलीने झाकलेला ट्रॅक्टरवरचा कॅमेरा निरुपयोगी आहे, आणि ट्रॉलीवर कॅमेरा बसविण्याइतका धीर कोणी दाखविलेला नाही. तेथे आज तरी पाठीशी उभा राहणारा माणूस हाच उपाय आहे, आणि त्याची मजुरी मुकादम, कारखाना किंवा ठेकेदार यांपैकी कोणी द्यावयाची हे करारातच लिहिले गेले पाहिजे.

या सर्वांच्या आधी मोजदाद व्हावी. २०२२ साली भारतात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले व त्यांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली, असे केंद्र शासनाचा अहवाल सांगतो. गाडी मागे घेताना किती मुले दगावली, हे त्या आकड्यांतून सहज वेगळे काढता येत नाही. सोसायटीचे आवार, शाळेचे पटांगण, कारखान्याचा गाडीतळ ही ठिकाणे कायद्याच्या अर्थाने सार्वजनिक जागा आहेत की नाहीत, येथूनच वाद सुरू होतो. जे मोजले जात नाही, त्यासाठी तरतूद होत नाही. अपघाताच्या नोंदीत ‘वाहन मागे जात होते काय?’ आणि ‘कॅमेरा असल्यास चालू होता काय?’ असे दोन रकाने वाढविण्याला फारसा खर्च येणार नाही.

तोवर जबाबदारी मालकाची व चालकाचीच राहते. गाडी काढण्यापूर्वी तिच्याभोवती एक फेरी मारावी, त्या फेरीत मागचे भिंग पुसावे, आणि गाडी माणूस चालतो त्याहून सावकाश मागे घ्यावी, या तीन गोष्टींसाठी कोणत्याही अधिसूचनेची वाट पाहावी लागत नाही. कॅमेऱ्याची किंमत मालकाने गाडी घेतानाच चुकती केलेली असते. त्याचा उपयोग मात्र रोज नव्याने मिळवावा लागतो. गाडीच्या मागे उभ्या असलेल्या मुलाला त्या कॅमेऱ्याची किंमत ठाऊक नसते. त्या सकाळी भिंग पुसलेले होते की नव्हते, एवढ्यावर त्याचे भवितव्य ठरते.